दप्तराबाहेरचा मुलूख

इटलीस जाणाऱ्या मनुष्याच्या वाटेत हल्ली इटलीपेक्षा प्रवासीच अधिक आडवे येतात. व्हेनिसच्या नगरपालिकेने २०२४ च्या एप्रिलपासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, रात्रीच्या मुक्कामास न राहणाऱ्या पाहुण्यांवर पाच युरोंची प्रवेशपट्टी बसविली. आणि फ्लोरेन्समध्ये उफ्फीझी चित्रशाळेच्या दारापुढची रांग पाहिली, म्हणजे आत जाऊन चित्रांतली माणसे पाहावीत की बाहेरच उभे राहून चित्रे पाहावयास आलेली माणसे पाहावीत, असा संभ्रम पडतो. अशा गर्दीविषयी कुरकुर करणारा मनुष्य त्या गर्दीत स्वतःची एक भर घालूनच कुरकुरत असतो, हे उघड आहे. तेव्हा धक्काबुक्कीची तक्रार मी करीत नाही. गर्दीचा खरा उपद्रव निराळा आहे. काय पाहावे याची यादी ती आपल्यासाठी आधीच तयार करून ठेवते, आणि यादीतल्या वस्तूपुढे एकदा उभे राहिले की, ती वस्तू पाहण्यापेक्षा तिच्या नावापुढे खूण करून पुढच्या वस्तूकडे सरकण्याची घाई मनुष्यास होते.

या यादीत ज्यांची नावे नाहीत अशी गावे इटलीत शेकड्यांनी आहेत. त्यांतून मी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्याची निवड केली, आणि तिच्यामागचे कारण सौंदर्यशास्त्रातले नव्हते. माझी उमेदीची वर्षे महसूल खात्यात, गावनकाशे, फेरफाराच्या नोंदी आणि शिवेचे तंटे यांच्या सहवासात गेली. त्यामुळे जेथे दोन राज्यांच्या हद्दी एकमेकींस भिडतात त्या जागेविषयी मला एक जुने, आणि खात्यातल्या माणसासच शोभणारे, कुतूहल आहे. टस्कनी, उंब्रिया, मार्के आणि रोमान्या हे प्रांत जेथे जवळजवळ एकमेकांस टेकतात, आणि जेथे एका अंगास फ्लोरेन्सची सत्ता व दुसऱ्या अंगास पोपचे राज्य यांची ठाणी शतकानुशतके समोरासमोर उभी होती, असे हे खोरे आहे. माझी भाची पेरूजा येथील, परदेशी विद्यार्थ्यांसाठी असलेल्या विद्यापीठात इटालियन भाषा शिकते. दुभाषी, वाटाडी आणि पंतोजी ही तिन्ही कामे तिने आनंदाने अंगावर घेतली. अट एवढीच घातली की, ‘मामा, घाई करायची नाही, आणि दुपारी एक ते चार कुणाच्याही दुकानाचं दार वाजवायचं नाही.’ पेन्शनीत निघालेल्या मनुष्यास या दोन्ही अटी जाचक वाटण्याचे कारण नव्हते.

या खोऱ्यातला पहिला शिवेचा तंटा नदीच्या उगमापाशीच आढळतो. टायबर ज्या फुमायोलो डोंगरावर उगम पावते तो डोंगर १४०७ मीटर उंच असून पूर्वी टस्कनीत मोडत असे. परंतु रोमच्या पवित्र नदीचा जन्म आपल्या जन्मप्रांतात झालेला असावा, असे मुसोलिनीच्या मनाने घेतले, आणि १९२३ मध्ये त्याने नदीऐवजी हद्दीची रेषाच सरकवून तो डोंगर फोर्ली जिल्ह्यात नेऊन ठेवला. रेषा हलविण्यास दर वेळी सैन्य लागतेच असे नाही. लहरी हुकूमशहाचे एक फर्मान पुरते, आणि डोंगर बिचारा जेथल्या तेथेच असतो.

त्याच डोंगराळ टापूत काप्रेझे नावाचे खेडे आहे. १४७५ साली लोदोविको बुओनार्रोती या नावाचे फ्लोरेन्सचे एक गृहस्थ सहा महिन्यांच्या मुदतीवर त्या ठाण्याचे न्यायाधिकारी होते. पद आपल्याकडील कमाविसदाराच्या जवळपासचे, मुलूख दरिद्री, आणि बरोबर गरोदर पत्नी. ६ मार्च रोजी पहाटेपूर्वी त्यांना मुलगा झाला, आणि लोदोविकोंनी आपल्या वहीत त्याची रीतसर नोंद केली: वार, वेळ, मुलाचे नाव, आपण त्या वेळी कोठल्या हुद्द्यावर होतो ते, आणि बारशाचे साक्षीदार. नोंदीत सन मात्र १४७४ असा आहे, कारण फ्लोरेन्सचे वर्ष २५ मार्चला पालटत असे. फसली, शक आणि इसवी या तीन सनांचा मेळ घालता घालता ज्याचे केस पांढरे झाले, त्यास ही एक वर्षाची तफावत पाहून घरी आल्यासारखे वाटले नसते तरच नवल. मायकेल अँजेलोच्या आयुष्यातला हा पहिला कागद. आणि तो एका बदलीच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याने, रोजच्या खर्चाच्या नोंदी कराव्यात तितक्याच कोरड्या हाताने लिहिलेला आहे. त्या डोंगरगावात आजही पुतळ्यांपेक्षा तांबूस-करड्या दगडाची घरे आणि चेस्टनटची झाडेच अधिक. गावाने आपल्या नावास त्या मुलाचे नाव जोडून घेतले आहे, एवढाच काय तो दिमाख.

काप्रेझेहून नदीकाठी उतरले की पिएवे सान्तो स्तेफानो लागते. एखादा सौंदर्यलोलुप प्रवासी या गावातून मोटार न थांबविता निघून जाईल, आणि त्यास दोषही देता येणार नाही. कारण १९४४ च्या ऑगस्टमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने जवळजवळ सगळा गाव सुरुंग लावून उडविला, आणि आज दिसतात ती घरे त्यानंतर, गरजेपुरती आणि घाईने, उभारलेली आहेत. गावाच्या वेशीवर मात्र ‘रोजनिशीचे शहर’ अशी पाटी आहे. ज्या गावाची स्वतःची सर्व जुनी वास्तू नाहीशी झाली, त्याच गावात सावेरियो तुतीनो या पत्रकाराने १९८४ मध्ये सामान्य माणसांच्या रोजनिश्या, पत्रे आणि आत्मचरित्रे यांचा राष्ट्रीय दप्तरखाना स्थापन केला. आणि तेव्हापासून देशाच्या कानाकोपऱ्यांतून, माळ्यावरच्या पेट्यांतून, मृत आजीच्या कपाटांतून निघालेली हजारो हस्तलिखिते तेथे येऊन पडली आहेत.

नगरभवनात या दप्तराचे एक लहानसे संग्रहालय आहे. तेथल्या भिंतीत खण केलेले आहेत. एकेक खण ओढला की आतून एकेका माणसाचा मजकूर वाचणारा आवाज ऐकू येतो. विन्चेन्झो राबितो हा सिसिलीतला रस्त्यांवर काम करणारा मजूर, अक्षरशत्रूच्या पंगतीतून जेमतेम उठलेला. त्याने टंकयंत्रावर १०२७ पाने भरून आपले आयुष्य लिहिले, आणि विरामचिन्हांचे शास्त्र अवगत नसल्यामुळे जवळजवळ प्रत्येक शब्दानंतर अर्धविराम ठोकला. क्लेलिया मार्की ही मान्तुआकडची शेतकरीण. नवरा गेल्यानंतर झोप येईना म्हणून रात्री लिहीत बसे. एके रात्री कागद संपला तेव्हा, प्राचीन एट्रुस्कन लोकांनी एका प्रेतास लिहिलेले वस्त्र गुंडाळले होते, ही शाळेतल्या बाईंनी सांगितलेली गोष्ट तिला आठवली, आणि तिने आपल्या पलंगावरची दुहेरी चादर काढून तिच्यावर ओळीमागून ओळ आपली हकीकत उतरविली. ती चादर काचेमागे टांगलेली आहे. ओळींना क्रमांक आहेत, माथ्यावर नवराबायकोची छायाचित्रे शिवलेली आहेत, आणि आत एकही खोटी गोष्ट नाही अशी तिची स्वतःची ग्वाही आहे. मी हयातभर प्रतिज्ञालेख वाचले; त्यांपैकी कोठल्याही मुद्रांकित कागदावर मी इतक्या निःशंकपणे विश्वास टाकला असता असे मला वाटत नाही. भाची मजकूर वाचून अर्थ सांगत होती. मध्येच थांबली आणि म्हणाली, ‘मामा, आईची आई असं काही लिहून गेली असती तर?’ या प्रश्नास उत्तर नव्हते. माझ्या आईच्या नावाची नोंद सातबाराच्या उताऱ्यावर, वारसाच्या फेरफारात, एकदाच झालेली आहे, आणि तीही तिच्या मृत्यूनंतर.

येथून नदीच्या प्रवाहाबरोबर दक्षिणेस आले की सान्सेपोल्क्रो हे खोऱ्यातले मुख्य गाव. त्यास नगर म्हणावे एवढा त्याचा मान आहे, आणि गाव म्हणावे एवढाच त्याचा विस्तार. तटाच्या आत सरळ, अरुंद रस्ते. सायंकाळी पाचनंतर सगळा गाव, लहान मुलांपासून काठी टेकीत चालणाऱ्या वृद्धांपर्यंत, मुख्य रस्त्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि परत येतो, आणि या येरझारीस कोणाचेही काही काम नसते. कॉफीच्या दुकानात लोक उभ्याउभ्या एक घोट घेतात. कोपऱ्यातल्या मेजावर म्हाताऱ्यांचा पत्त्यांचा डाव बसलेला असतो, आणि त्यात खेळणाऱ्यांपेक्षा मागे उभे राहून सल्ला देणारे अधिक. भिंतींवर काळ्या चौकटीची पत्रके डकविलेली आढळतात. ती जाहिरातींची नव्हेत. गावात कोण वारले, अंत्यविधी कोठल्या देवळात आहे, किंवा अमक्यास जाऊन एक वर्ष झाले, एवढेच त्यांवर छापलेले असते. भाजी घेऊन परतणारी बाई पिशवी खाली ठेवून ते पत्रक शेवटपर्यंत वाचते, आणि मगच पुढे जाते.

या गावाने जगास दोन माणसे दिली: चित्रकार पिएरो देल्ला फ्रान्चेस्का आणि जमाखर्ची लूका पाचोली. दुसऱ्याविषयी आधी लिहितो, कारण तो माझ्या जातीचा. पाचोली हा फ्रान्सिस्कन पंथाचा साधू आणि गणिताचा अध्यापक. १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या आपल्या गणिताच्या विशाल ग्रंथात त्याने, व्हेनिसचे व्यापारी आपले हिशेब कसे ठेवतात याचे एक प्रकरण घातले, आणि द्विनोंदी पद्धत युरोपभर पसरली ती या छापील प्रकरणामुळे. पद्धत त्याची नव्हे; त्याने ती फक्त नीट लिहून काढली. व्यापाऱ्याने तीन वह्या ठेवाव्यात: पहिली घडेल तसे टिपण्याची, दुसरी रोजकीर्द, तिसरी खतावणी, आणि प्रत्येक व्यवहार खतावणीत दोन जागी उतरावा, एकदा देणाऱ्याच्या खाती जमा आणि एकदा घेणाऱ्याच्या खाती नावे. आपल्या पेढ्यांवर कीर्दीच्या माथ्याशी ‘श्री’ लिहीत, तसा पाचोलीचाही आग्रह की वहीचा आरंभ क्रूसाच्या खुणेने आणि ईश्वराच्या नावाने व्हावा. एवढ्या काटेकोर माणसाच्या स्वतःच्या खात्यात मात्र एक रक्कम शिल्लक निघते. १५०९ मध्ये छापलेल्या त्याच्या दुसऱ्या ग्रंथाचा अखेरचा भाग म्हणजे पिएरोने लॅटिनमध्ये लिहिलेल्या घनाकृतींवरील प्रबंधाचा इटालियन तर्जुमा आहे, आणि पिएरोचे नाव त्यावर नाही. शेजारच्या आरेत्सोच्या वासारीने कलावंतांची चरित्रे लिहिताना या चोरीबद्दल पाचोलीस चांगलेच फैलावर घेतले. द्विनोंदीचा आचार्य आपल्याच गावकऱ्याच्या नावे नोंद करावयास विसरला. आणि गावाने मोठ्या मनाने दोघांनाही आपले मानले.

पिएरोचे ‘पुनरुत्थान’ हे भित्तिचित्र येथल्या जुन्या नगरसभागृहात, आता संग्रहालय झालेल्या वास्तूत आहे. गावाच्या नावाचा अर्थच पवित्र समाधी; तेव्हा समाधीतून उठणारा ख्रिस्त हा येथे केवळ धर्मविषय नसून गावाची मुद्रा आहे, आणि ज्या दालनाजवळ पंच बसून निर्णय देत, तेथून तो त्यांच्याकडे पाही. खाली चार शिपाई गाढ झोपलेले. वर एक पाय समाधीच्या कठड्यावर रोवून, हातात निशाण घेऊन, तो सरळ समोर पाहतो. त्या दृष्टीत दया नाही आणि क्रोधही नाही. डाव्या हाताची झाडे निष्पर्ण, उजव्या हाताची पालवलेली. आम्ही गेलो तेव्हा दालनात आमच्याखेरीज एक पहारेकरीण होती, आणि तीही आपल्या विणकामात मग्न होती. फ्लोरेन्समध्ये एवढ्या योग्यतेच्या चित्रापुढे उभे राहण्यास जेवढा अवकाश मिळाला असता, त्याच्या कितीतरी पट अवकाश आम्ही येथे बाकावर बसून घेतला.

हे चित्र आज आहे, याचे श्रेय एका निबंधास द्यावे लागते, आणि निबंध लिहिणाऱ्यांच्या वाट्यास असे श्रेय क्वचितच येते. इंग्रज लेखक ओल्डस हक्सले याने १९२५ च्या आपल्या प्रवासलेखांच्या पुस्तकात, जगातले सर्वोत्कृष्ट चित्र या आडगावात आहे असे निःसंदिग्ध विधान केले होते. १९४४ च्या उन्हाळ्यात टोनी क्लार्क नावाचा इंग्रज तोफखान्याचा तरुण अधिकारी गावावर तोफा रोखून बसला होता, आणि मारा सुरूही झाला होता. इतक्यात हे नाव आपण कोठे वाचले आहे ते त्यास आठवले. चित्र त्याने कधी पाहिलेले नव्हते. त्याने तोफा थांबविल्या. जर्मन सैन्य गावातून आधीच निघून गेले होते, असे मागाहून समजले. गावातल्या एका रस्त्यास आज त्याचे नाव आहे.

सान्सेपोल्क्रोहून पेरूजाच्या दिशेस थोडे अंतर गेले की कोस्पाया नावाची एक वाडी येते. आणि माझ्या मते हद्दी-निशाणीच्या कामात ज्याने हात घातला आहे अशा प्रत्येक माणसाने तिची यात्रा करावी. पोप चौथा युजीनियस याने फ्लोरेन्सच्या कोसिमो दे मेदिचीकडून २५,००० सोन्याचे फ्लोरिन कर्जाऊ घेतले आणि तारण म्हणून सान्सेपोल्क्रो गाव गहाण दिला. कर्ज फिटले नाही, गाव फ्लोरेन्सकडे गेला, आणि १४४० च्या सुमारास नवी शीव ठरविण्याचा प्रसंग आला. दोन्ही सरकारांच्या कारकुनांनी तहनाम्यात शीव म्हणून ‘रिओ’ असे लिहिले. आणि रिओ म्हणजे नुसता ओढा. त्या जागी एकमेकांपासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर दोन ओढे वाहतात, आणि दोहोंनाही लोक रिओच म्हणत. फ्लोरेन्सने आपल्या बाजूचा ओढा ही शीव धरली, पोपच्या अधिकाऱ्यांनी आपल्या बाजूचा. आणि दोन ओढ्यांमधली, सुमारे दोन किलोमीटर लांबीची जमीन कोणाच्याच दप्तरात चढली नाही. आमच्या खात्यात असले प्रकरण उघडकीस आले असते, तर मोजणीदारापासून मामलेदारापर्यंत सर्वांस कारणे दाखविण्याच्या नोटिसा निघाल्या असत्या. कोस्पायाच्या शेतकऱ्यांनी निराळाच मार्ग पत्करला: आपण कोणाचेच रयत नाही, असे त्यांनी जाहीर केले.

आणि ही स्थिती १८२६ पर्यंत टिकली. जवळजवळ चार शतके या चिमुकल्या प्रजासत्ताकात सारा नव्हता, जकात नव्हती, फौज नव्हती, तुरुंग नव्हता. घरोघरचे वडीलधारे आणि गावचा धर्मगुरू मिळून कारभार पाहत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंबाखूचे रोप या खोऱ्यात आले, आणि शेजारच्या दोन्ही सरकारांच्या कराखाली नसलेल्या या पट्टीत ते विलक्षण माजले. कोस्पायाची तंबाखू दोन्ही ओढे रात्री ओलांडून दोन्ही राज्यांत जाई; जे सरकार ज्या पट्टीस विसरले होते, त्याच सरकारची प्रजा त्या पट्टीची पाने ओढीत असे. अखेर २६ जून १८२६ रोजी पोप आणि टस्कनीचा ग्रँड ड्यूक यांनी ती जमीन आपसात वाटून घेतली. स्वातंत्र्य सोडल्याबद्दल प्रत्येक रहिवाशास चांदीचे एकेक नाणे, आणि गावास तंबाखूची पाच लाखांपर्यंत रोपे लावण्याची मुभा मिळाली. इनामे याहून स्वस्तात खालसा झालेली मी पाहिली आहेत. आता तेथे काही घरे, वर द्राक्षांच्या आणि तंबाखूच्या पट्ट्या, आणि एक लहानसे देऊळ आहे. देवळाच्या दाराच्या वरच्या दगडावर ‘शाश्वत आणि अढळ स्वातंत्र्य’ या अर्थाची लॅटिन अक्षरे शाबूत आहेत. खोऱ्यात पुढे चित्ता दि कास्तेल्लो येथे तंबाखू वाळविण्याच्या प्रचंड वखारी आल्बेर्तो बुर्री या विसाव्या शतकातल्या चित्रकाराच्या कलाकृतींनी भरलेल्या आहेत. त्या पाहताना, एका लेखणीच्या निष्काळजीपणाने या मातीत काय काय रुजविले, याचेच कौतुक माझ्या मनात अधिक होते.

त्याच सुमारास, १४४० साली २९ जून रोजी, नदीच्या पश्चिमेस आंग्यारीच्या पायथ्याशी फ्लोरेन्सने मिलानच्या फौजेचा पराभव केला. लिओनार्दो दा व्हिंचीने फ्लोरेन्सच्या राजवाड्याच्या भिंतीवर ही लढाई रंगविण्यास १५०५ मध्ये घेतली, ती सोडून दिली, आणि आज ती इतरांनी केलेल्या नकलांतूनच पाहावयास मिळते. त्या नकलांत घोडे एकमेकांस चावताहेत आणि माणसांचे चेहरे द्वेषाने फाटले आहेत. मॅकियाव्हेलीने मात्र आपल्या इतिहासात नोंदविले आहे की, या दीर्घ संग्रामात फक्त एक मनुष्य मेला, आणि तोही शस्त्राने नव्हे, तर घोड्यावरून पडून तुडविला गेल्यामुळे. भाडोत्री सैनिकांचा तिरस्कार करणाऱ्या लेखकाचा हा औपरोधिक हिशेब आधुनिक इतिहासकार मान्य करीत नाहीत. आंग्यारीच्या तटावर उभे राहिले की पायाखालून निघालेला रस्ता आखणीच्या दोरीसारखा सरळ खोऱ्यापलीकडच्या सान्सेपोल्क्रोकडे जातो. त्याच्या दोन्ही हातांस सूर्यफुले, मका, आणि ते रणांगण. गावात १८४२ पासून चालत आलेला एक विणकरांचा कारखाना आहे, आणि तळघरातल्या मागांचा आवाज वरच्या गल्लीपर्यंत येतो.

मोंतेर्कीविषयी थोडक्यातच लिहितो. तेथे पिएरोची गर्भवती मेरी आहे: निळ्या झग्याची शिवण पुढून किंचित उसवलेली, एक हात त्या उसवणीवर ठेवून उभी. चित्र मूळचे गावाबाहेरच्या देवळातले. आता गावातल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत ठेवले आहे. पंचक्रोशीतल्या बाया बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून तिच्या पाया पडावयास येत आल्या आहेत, आणि गर्भवती स्त्रियांस तेथे तिकीट पडत नाही. कलेच्या इतिहासात नाव असलेल्या चित्रावर गावातल्या बायांची वहिवाट कायम राहिली आहे, ही गोष्ट मला कोणत्याही रसग्रहणापेक्षा मोलाची वाटली.

आता राहिले मोन्तोने. उंब्रियाच्या हद्दीत, टायबरकाठच्या सपाटीवरून उठलेल्या टेकडीवर हे तटबंदीचे गाव वसले आहे. पंधराव्या शतकातला प्रसिद्ध भाडोत्री सेनापती ब्राच्चो याचे घराणे येथलेच. खाणावळीत आम्हांस त्या भागातली एक जाड पोळी मिळाली. ती दगडी किंवा लोखंडी थाळ्यावर भाजतात आणि आडवी चिरून तिच्यात पालेभाजी व चीज भरतात. ज्वारीच्या भाकरीची ही गव्हाची मावसबहीण खाऊन माझ्या शाकाहारी पोटाने अनेक दिवसांनी समाधानाचा निःश्वास टाकला. पण आमचे काम निराळे होते.

१९४४ च्या जुलैमध्ये दहावी हिंदी डिव्हिजन हे खोरे टेकडी-टेकडीने चढत होती. १० जुलै रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील नाईक यशवंत घाडगे याची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली, आणि त्याच्याखेरीज सारी तुकडी ठार किंवा जखमी झाली. तो एकटा पुढे धावला. बाँब टाकून त्याने ती मशीनगन व ती चालविणारा निकामी केला, दुसऱ्यास गोळी घातली, आणि बंदुकीत नवी गोळ्यांची पेटी घालण्यास अवधी नसल्यामुळे तिचीच नळी हातात धरून उरलेल्या दोघांस दस्त्याने मारले. नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून तो तेथेच पडला. वय अवघे २२. व्हिक्टोरिया क्रॉस त्यास मरणोत्तर मिळाला. देह मिळाल्याची नोंद नाही, म्हणून त्याचे नाव कासिनो येथील स्मारकावर, ज्यांची थडगी ठाऊक नाहीत अशांच्या पंक्तीत कोरलेले आहे. २०२३ च्या जुलैमध्ये मोन्तोनेकरांनी आणि आपल्या वकिलातीने मिळून त्याच्या नावाने एक सूर्यघटिका उभारली. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा आशयाचे लॅटिन वचन तिच्यासाठी निवडले आहे.

नोकरीच्या आरंभीच्या काळात माझी काही दिवस माणगावास नेमणूक होती. घाडगे त्याच तालुक्यातील पळसगावचा. तहसील कचेरीच्या आवारात त्याचा पुतळा आहे, आणि त्याच्या बाजूने मी फायली घेऊन अनेकदा गेलो असेन. पुतळ्याखालचा ‘इटली’ हा शब्द त्या वेळी मला नकाशावरच्या रंगापेक्षा अधिक काही सांगत नव्हता. मोन्तोनेच्या तटावरून समोरच्या ओकच्या रानाच्या टेकड्या, त्यांच्या मधल्या घळी, आणि खाली तापलेले खोरे पाहिल्यावर, कोकणातल्या पावसातून आलेल्या त्या पोरास या मातीचा चढ कसा लागला असेल, याची काही कल्पना आली. सूर्यघटिकेपाशी एक वृद्ध गृहस्थ आमच्याजवळ येऊन उभे राहिले. आम्ही कोठले, असे त्यांनी विचारले. भाचीने सांगितल्यावर त्यांनी टोपी काढली, माझा हात हातात घेतला, आणि ‘तो तुमच्या गावचा का?’ असे विचारले. भाचीने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, ‘सांग, तालुक्याचा.’

पाचोलीचा नियम येथे मला पटला. देणाऱ्याच्या खाती जमा, घेणाऱ्याच्या खाती नावे: एक नोंद माणगावच्या वहीत आहे, दुसरी मोन्तोनेच्या वहीत, आणि रक्कम दोन्हीकडे तीच आहे. मोठ्या शहरांच्या वह्या इतक्या अवाढव्य असतात की त्यांत एका नाइकाची, एका शेतकरणीची किंवा अर्धविराम ठोकणाऱ्या मजुराची नोंद सापडणे दुरापास्त होते. लहान गावास आठवणीत ठेवण्यासारखे थोडे असते, म्हणून ते नीट लिहून ठेवते. या गावांकडे मी जाण्याची शिफारस करतो ती शांततेसाठी नव्हे. शांतता आपल्याकडेही शोधली तर मिळते. आपण पाहावयास आलो आहोत याची ज्यास विशेष गरज नाही, अशा गावात गेल्यावरच गाव आपले दप्तर उघडून दाखवितो.

तथापि मोन्तोने हे नाव कोणी यादीत घालू नये. यादीत घातले की रांग आलीच. आणि कोणी जाणारच असेल, तर रविवार टाळावा. त्या बाजूस त्या दिवशी गाड्या फार थोड्या असतात, आणि खाणावळीत सगळा गाव सहकुटुंब जेवावयास बसलेला असतो.